न्यू जर्सीहून आलेल्या प्रोस्टेटच्या गोळ्या: बाटली, माहितीपत्रक आणि त्यातला नकाशा

वस्तू: प्रोस्टेटसाठीचं (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीसाठीचं) अमेरिकन पूरक. मऊ जेलच्या ९० गोळ्या, रोज जेवणानंतर दोन. किंमत तिकडे साधारण २५ डॉलर. मी पाचपैकी एक तारा देते, आणि तो लेबलवर प्रत्येक घटकाचं प्रमाण वाचता येईल असं छापलंय त्यासाठी.

कंपनीचं नाव लिहीत नाही. याच घटकांच्या आणि याच दाव्यांच्या बाटल्या तिकडे अनेक नावांनी मिळतात, आपल्याकडेही मिळतात, आणि माझं म्हणणं त्या सगळ्यांना लागू आहे. कराडला माझं मेडिकल आहे. साठी ओलांडलेली माणसं काउंटरशी येऊन आवाज खाली करून मोबाईलवरचा फोटो दाखवतात, "ताई, पोरगं अमेरिकेतून हे पाठवू का म्हणतंय, घेऊ का?" बऱ्याच जणांना लघवीचा त्रास सुरू झालेला असतो आणि तो त्यांनी घरातही सांगितलेला नसतो. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आमच्या घरी ही बाटली न्यू जर्सीतल्या धाकट्या भावानं आप्पांसाठी, म्हणजे आमच्या वडिलांसाठी पाठवली. आप्पा सत्तरीच्या पुढचे. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट म्हणून निवृत्त झाले. ब्रिक्स आणि पोल, म्हणजे उसाच्या रसातली साखर मोजण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे कुठलीही बाटली उघडण्याआधी लेबल वाचणार. त्यांनी भिंग घेऊन वाचलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "पोरी, यात जिलेटिन लिहिलंय. म्हणजे जनावराचंच ना?" जनावराचंच. मऊ गोळीचं आवरण बहुतेक वेळा गाईच्या किंवा डुकराच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या जिलेटिनचं असतं. आप्पा माळकरी आहेत. अमेरिकन बाटलीवर आपल्यासारखी शाकाहारी-मांसाहारीची हिरवी-तपकिरी खूण नसते, तेव्हा ज्यांना हे चालत नाही त्यांनी घटकांच्या यादीची शेवटची ओळ जरूर वाचावी. मुलं-सुना प्रेमानं पाठवतात, त्यांच्या हे ध्यानात येत नाही.

आप्पांनी गोळी घेतली नाही, पण बाटली परतही पाठवली नाही. म्हणाले, गुण येणार असेल तर बिनजिलेटिनची शोधू. आधी हे सांग, आत जे आहे त्यानं काही होतं का? त्या प्रश्नामुळे मी रात्री दुकान बंद केल्यावर एकेका घटकामागचं संशोधन वाचत बसले.

बाटलीसोबत घडी घातलेलं माहितीपत्रक येतं. त्यात जगाचा नकाशा आहे. अमेरिका, उत्तर युरोप, ऑस्ट्रेलिया लाल. जपान, चीन, भारत हिरवे. खाली मजकूर असा, की आशियातल्या पुरुषांना प्रोस्टेटचा कॅन्सर कमी होतो कारण त्यांचं खाणं वेगळं आहे, आणि त्या खाण्यातलं सत्त्व या गोळीत आहे. म्हणजे हिरव्या भागातलं सत्त्व लाल भागात बाटलीत भरलं गेलं आणि पुन्हा हिरव्या भागातल्या कराडला आलं. आप्पांना हे लगेच खटकलं. "आपण हिरव्यात राहतो, मग आपल्याला ही कशाला?" माहितीपत्रकात त्याचं उत्तर नाही.

नकाशा मात्र खोटा नाही, हे आधी मान्य करायला हवं. आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेच्या २०२० च्या अंदाजानुसार जगात त्या वर्षी प्रोस्टेट कॅन्सरचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण होते. वयाचा फरक हिशेबातून वजा केल्यावर उत्तर युरोपात दर एक लाख पुरुषांमागे ८३.४ आणि आपला भारत ज्यात येतो त्या दक्षिण-मध्य आशियात ६.३. तेरा पटींचा फरक. स्तन, फुप्फुस, आतडं यांच्यातही देशोदेशी फरक आहेत, पण इतका मोठा फरक फार थोड्या कॅन्सरमध्ये दिसतो. संशोधकांनी याच्यामागे पन्नास-साठ वर्षं खर्च केली ती उगाच नाही.

पण या आकड्यात दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत: कॅन्सर किती जणांना होतो, आणि किती जणांचा शोधला जातो. अमेरिकेत पीएसए ही रक्ततपासणी १९८६ मध्ये मंजूर झाली ती आधीच कॅन्सर असलेल्यांवर लक्ष ठेवण्यासाठी. निरोगी माणसांत शोध घेण्यासाठी मंजुरी मिळाली १९९४ मध्ये, पण डॉक्टरांनी त्याची वाट पाहिली नाही. तपासण्या इतक्या झाल्या की १९९२ मध्ये तिथली नव्या रुग्णांची नोंद शिखराला पोहोचली. त्या काही वर्षांत अमेरिकन माणसाचं ताट बदललं नव्हतं, हवा-पाणी बदललं नव्हतं. तपासणी बदलली होती. प्रोस्टेटचे पुष्कळसे कॅन्सर इतके संथ असतात की माणूस दुसऱ्याच कशानं जातो आणि त्याला आयुष्यभर पत्ता नसतो. जिथे शोधाल तिथे सापडतात.

याचा सर्वात चांगला पुरावा शवविच्छेदनातून आला. १९७७ साली सात ठिकाणच्या अभ्यासाचा निष्कर्ष छापून आला: हाँगकाँग, सिंगापूर, इस्राएल, जर्मनी, स्वीडन, जमैका आणि युगांडा. दुसऱ्याच कारणानं मरण पावलेल्या पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथी बारकाईनं तपासल्या. बारीक, सुप्त गाठी सगळीकडे जवळपास सारख्याच प्रमाणात सापडल्या. मोठ्या, पसरू पाहणाऱ्या गाठींचं प्रमाण मात्र देशागणिक वेगळं होतं, आणि ते त्या-त्या देशातल्या रुग्णांच्या आकड्यांबरोबर कमी-जास्त होत होतं. मला हे वाचून थांबावंसं वाटलं. ठिणगी सगळीकडे पडते. तिचा वणवा कुठे होतो हे मात्र काही प्रमाणात राहण्या-खाण्यावर आणि भोवतालावर ठरत असावं. तेव्हा नुसत्या तपासण्यांनी नकाशा लाल झाला असंही म्हणता येत नाही.

दुसरा पुरावा स्थलांतरितांचा. जपानमधून अमेरिकेत गेलेल्यांचा मोठा अभ्यास १९६८ मध्ये आला, आणि १९९१ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या जपानी वंशाच्या लोकांचा. रक्त तेच, पण प्रोस्टेट कॅन्सरचं प्रमाण मायदेशापेक्षा वाढलेलं. लॉस एंजेलिसच्या अभ्यासात तर वय झाल्यावर गेलेल्यांतही वाढ दिसली. म्हणजे लहानपणीच्या खाण्यानं कायमची कवचकुंडलं मिळतात असं नाही. खुद्द जपानमध्येही गेल्या काही दशकांत मांस, दूध, स्निग्ध पदार्थ वाढले, तपासण्याही वाढल्या, आणि आज तिथल्या पुरुषांत हा कॅन्सर अगदी वरच्या क्रमांकांत आहे. माहितीपत्रकातला हिरवा जपान आता जुना झाला आहे.

आप्पांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी उसाची भाषा काढली. कोल्हापूरकडच्या कारखान्यांचा साखर उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) राज्यात चांगला. का? माती, हवा, रात्रीची थंडी, उसाची जात, तोडणीनंतर किती तासांत ऊस गव्हाणीत पडला, आणि लॅबमध्ये मोजणारा किती नेटका आहे. "यातलं एकच काहीतरी उचलून दुसऱ्या कारखान्याला दिलं तर उतारा वाढेल का? आणि या गोळीवाल्यांनी तेच केलंय." मला यापेक्षा नेमकं सांगता आलं नसतं.

आता लेबलवरचे घटक.

लायकोपिन. टोमॅटोला लाल रंग देणारं द्रव्य. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे ४८ हजार पुरुष आरोग्य व्यावसायिकांच्या अभ्यासात दिसलं की आठवड्यातून दहापेक्षा जास्त वेळा टोमॅटोचे पदार्थ खाणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सर सुमारे ३५ टक्क्यांनी कमी होता. विशेषतः शिजवलेल्या टोमॅटोच्या सॉसचा संबंध ठळक होता. इटली, ग्रीसकडच्या खाण्याची गोष्ट या आकड्याला जोडली गेली आणि लायकोपिनच्या गोळ्यांचा बाजार उभा राहिला. पण पुढचे अभ्यास सगळे त्याच बाजूला झुकले नाहीत. जागतिक कॅन्सर संशोधन निधीनं २००७ मध्ये लायकोपिनयुक्त अन्न 'बहुधा संरक्षक' म्हटलं होतं. २०१४ मध्ये नवा पुरावा तपासून तो शेरा मागे घेतला आणि निष्कर्ष काढता येत नाही असं नोंदवलं. शिवाय टोमॅटो सॉस खाणारा माणूस बाकीचं काय खातो, किती चालतो, तपासणीला कधी जातो, हे सगळं त्या ३५ टक्क्यांत लपलेलं असू शकतं. टोमॅटो तेलात शिजवला की लायकोपिन शरीरात जास्त शोषलं जातं, एवढं पक्कं आहे. आपल्याकडे फोडणी देऊन केलेली टोमॅटोची चटणी, सार, भाजीतला रस्सा हे रोजचं आहे. पपई, कलिंगड, लाल पेरू यांतही ते असतं. नारायणगावच्या बाजारातून गाड्या भरभरून टोमॅटो निघत असताना हे द्रव्य परदेशातून बाटलीत मागवायची मला काही गरज दिसत नाही.

सेलेनियम आणि व्हिटॅमिन ई. या दोन ओळींवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि माझं मतही इथेच ठरलं.

सेलेनियम मातीतून पिकात येतं, म्हणून त्याचा भूगोल खराखुरा आहे. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या भागात माती या बाबतीत गरीब आहे. तिथे त्वचेचा कॅन्सर होऊन गेलेल्या १,३१२ लोकांना सेलेनियम किंवा नुसती खोटी, म्हणजे तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी देऊन पाहिलं. हेतू त्वचेचा कॅन्सर टाळण्याचा होता, तो साधला नाही. पण १९९६ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा सेलेनियम घेणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सर तिसऱ्या हिश्शाच्या आसपास दिसला. फिनलंडची माती तर इतकी गरीब की सरकारनं १९८४ पासून खतात सेलेनियम मिसळायला लावलं. त्याच देशात २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या प्रयोगात व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सर ३२ टक्के कमी निघाला. दोन्ही आकडे मोठे, दोन्ही चांगल्या प्रयोगांतले. माणसाला आशा वाटावी असेच.

मग खास याच प्रश्नासाठी प्रचंड प्रयोग उभा केला गेला. २००१ मध्ये सुरुवात. अमेरिका, कॅनडा आणि प्वेर्तो रिकोमधले ३५,५३३ पुरुष. काहींना सेलेनियम २०० मायक्रोग्रॅम, काहींना व्हिटॅमिन ई ४०० युनिट, काहींना दोन्ही, काहींना खोटी गोळी. २००८ मध्ये गोळ्या मधेच थांबवल्या, कारण फायदा काहीच दिसेना. २०११ मध्ये पुढचा हिशेब आला: नुसतं व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्के जास्त. २०१४ मध्ये आणखी एक गोष्ट समोर आली. ज्यांच्या अंगात सेलेनियम आधीच भरपूर होतं, त्यांना वरून सेलेनियम दिल्यावर आक्रमक प्रकारचा कॅन्सर जवळपास दुप्पट झाला. ज्या मातीत कमी तिथे देऊन कदाचित उणीव भरून निघाली असेल. जिथे कमी नाही तिथे तेच अपायाचं ठरलं.

आमच्या बाटलीत सेलेनियम बरोबर २०० मायक्रोग्रॅम आहे. व्हिटॅमिन ई त्या प्रयोगापेक्षा कमी आहे, पण आहे. २०११ नंतर इतकी वर्षं झाली, तरी हे दोन घटक 'प्रोस्टेटचं संरक्षण' या मथळ्याखाली विकले जातात, याचा मला राग येतो. घेणारा माणूस निरोगी असतो, भीतीपोटी घेतो, मुलाच्या पैशानं घेतो. त्याच्या अंगात सेलेनियम किती आहे हे कुणी मोजलेलं नसतं. भारतात तर हा प्रश्न आणखी टोकाचा आहे. पंजाबात नवांशहर-होशियारपूरच्या पट्ट्यात काही गावांच्या मातीत सेलेनियम इतकं जास्त आहे की गव्हात उतरतं आणि जनावरांचे खूर खराब होतात. तिथल्या माणसाला आणि कराडच्या माणसाला एकच गोळी कशी चालेल?

सॉ पामेटो. फ्लोरिडाकडे उगवणाऱ्या बुटक्या ताडाच्या फळांचा अर्क. हा घटक कॅन्सरसाठी नसून वाढलेल्या प्रोस्टेटच्या त्रासासाठी टाकलेला असतो: रात्री उठावं लागणं, धार बारीक होणं, जोर करावा लागणं. माझ्या गिऱ्हाइकांना खरं तर याच त्रासावर उपाय हवा असतो. २००६ मध्ये २२५ पुरुषांवर वर्षभराचा प्रयोग झाला, खोट्या गोळीपेक्षा फरक नाही. लोक म्हणाले मात्रा कमी होती. २०११ मध्ये ३६९ पुरुषांवर तिप्पट मात्रेपर्यंत नेऊन पाहिलं, तरी फरक नाही. यापुढे मला बोलायचं नाही.

सोयाचं सत्त्व जपानच्या तोफू-मिसो या सोयाबीनच्या पदार्थांवरून आलेलं आहे. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना दोन वर्षं सोया प्रोटीन देऊन पाहिलं, आजार परतण्यात फरक पडला नाही. व्हिटॅमिन डी आलं ते उत्तरेकडच्या कमी उन्हाच्या देशांत हा कॅन्सर जास्त दिसतो त्यावरून. २०१९ मध्ये जवळपास २६ हजार लोकांच्या प्रयोगात गोळीनं कॅन्सर होण्याचं प्रमाण घटलं नाही. ज्यांच्यात ते कमी आहे त्यांनी हाडांसाठी डॉक्टरांच्या सल्ल्यानं जरूर घ्यावं. झिंक या बाटलीत बेताचं आहे, पण काही जण वेगळी झिंकची गोळीही घेतात. वर उल्लेख केलेल्या त्याच आरोग्य व्यावसायिकांच्या अभ्यासात दिवसाला १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त झिंक पूरक म्हणून घेणाऱ्यांत पुढच्या टप्प्याच्या प्रोस्टेट कॅन्सरचा धोका दुपटीहून जास्त दिसला होता. दोन बाटल्यांतलं मिळून किती होतं ते बघा.

माहितीपत्रकाबद्दल माझी मोठी तक्रार वेगळीच आहे. त्या नकाशावर कॅरिबियन बेटं इतकी लहान छापलीत की दिसतही नाहीत. आणि भोवतालाचा व प्रोस्टेट कॅन्सरचा संबंध शिकायचा तर पहिलं बोट तिथेच ठेवावं लागतं.

ग्वादलूप आणि मार्टिनिक ही फ्रान्सची बेटं. २०१८ च्या अंदाजात ग्वादलूप जगात पहिलं होतं, एक लाख पुरुषांमागे १८९. बेटांवर केळीच्या बागा. केळीच्या कंदात शिरणाऱ्या सोंडकिड्यासाठी तिथे १९७२ ते १९९३ क्लोर्डेकोन नावाचं कीटकनाशक टाकलं गेलं. हे द्रव्य घातक आहे हे १९७५ मध्येच कळलं होतं: अमेरिकेत व्हर्जिनियातल्या होपवेल गावी ते बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांना कंप सुटला, आजार जडले, कारखाना बंद झाला. फ्रान्सच्या मुख्य भूमीवर बंदी आली १९९० मध्ये, पण बेटांवर सवलत देऊन १९९३ पर्यंत वापर चालूच. ते मातीत दशकानुदशकं टिकतं. तिथून रताळ्यात, अळकुडीत, कोनफळासारख्या कंदांत, ओढ्यांत आणि किनाऱ्यालगतच्या माशांत उतरतं. आज तिथल्या दहापैकी नऊहून जास्त प्रौढांच्या रक्तात ते सापडतं. २०१० मध्ये ग्वादलूपमधल्या ६२३ रुग्णांची तुलना निरोगी पुरुषांशी केली, आणि ज्यांच्या रक्तात ते जास्त त्यांच्यात प्रोस्टेट कॅन्सर जास्त निघाला. २०२१ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांनी हा संबंध असल्याची दाट शक्यता नोंदवली, आणि त्याच वर्षअखेरीस कीटकनाशकांत काम करणाऱ्यांचा प्रोस्टेट कॅन्सर तिथे व्यवसायजन्य आजार म्हणून मान्य झाला. जबाबदारी ठरवायचा फौजदारी खटला मात्र २०२३ च्या जानेवारीत न्यायाधीशांनी कुणावरही आरोप न ठेवता बंद केला.

बेटांवरचा सगळा फरक क्लोर्डेकोनचा आहे असं नाही. तिथले बहुसंख्य लोक आफ्रिकी वंशाचे आहेत आणि त्या वंशात हा धोका मुळातच जास्त दिसतो. तपासण्याही भरपूर होतात. पण ज्या माणसाच्या कंदमुळात विष उतरलंय, त्याला टोमॅटोची गोळी देऊन काय होणार? त्याला हवी स्वच्छ माती, आणि ती दुकानात मिळत नाही.

हे मी केळीच्या बेटांपुरतं लिहीत नाही. आमच्या मेडिकलशेजारी कृषी सेवा केंद्र आहे. पाठीवर पंप घेऊन, तोंडाला नुसता रुमाल बांधून फवारणी करून आलेली माणसं तिथून सरळ माझ्याकडे डोकेदुखीची गोळी मागायला येतात. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना राज्यांत १९९३ पासून शेतकरी आणि फवारणी करणाऱ्यांचा मोठा अभ्यास चालू आहे. त्यात काही कीटकनाशकांचा आक्रमक प्रोस्टेट कॅन्सरशी संबंध दिसला, मॅलेथिऑन त्यातलंच एक. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेनं मॅलेथिऑनला 'बहुधा कॅन्सरकारक' गटात टाकलं तेव्हा माणसांतल्या मर्यादित पुराव्यात प्रोस्टेटचा उल्लेख आहे. मॅलेथिऑन आपल्याकडे अनोळखी नाही. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं, २५ डॉलरमध्ये फवारणीचे चांगले हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे येतात. मुलांनी बापाला काही पाठवायचंच असेल तर ते पाठवावं.

आपला भारतही नकाशावर एकरंगी हिरवा नाही. दिल्ली, कोलकाता, पुणे, तिरुवनंतपुरम इथल्या नोंदींत प्रोस्टेट पुरुषांच्या कॅन्सरमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलेला होता, मुंबई-बंगळूरमध्ये तिसऱ्या. मुंबईची कॅन्सर नोंदणी १९६३ पासूनची, देशातली पहिली. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ पासूनची, आणि तिथलं प्रमाण शहरांपेक्षा बरंच कमी आहे. वाढलेलं आयुष्य, वाढलेलं पोट, बैठं काम, हाताशी असलेली लॅब, सगळंच शहरात जास्त. यातला लठ्ठपणा महत्त्वाचा, कारण पुढच्या टप्प्याच्या प्रोस्टेट कॅन्सरशी त्याचा संबंध जागतिक कॅन्सर संशोधन निधीच्या २०१४ च्या त्याच अहवालात 'बहुधा खरा' मानला आहे. दूध आणि कॅल्शियमबद्दल त्यात फक्त मर्यादित पुरावा म्हटलंय. ४२ देशांच्या तुलनेत दुधाचा संबंध ठळक दिसला होता खरा, पण जास्त दूध पिणारे देश श्रीमंतही आहेत आणि जास्त तपासणी करणारेही. आप्पांचं रात्रीचं कपभर दूध मी बंद केलेलं नाही.

इंग्लंडमधला हिशेब मला सर्वात बोलका वाटला. तिथे आयुष्यात कधीतरी प्रोस्टेट कॅन्सरचं निदान होण्याची शक्यता गोऱ्या पुरुषांत आठात एक, कृष्णवर्णीयांत चारात एक, आपल्याकडच्या आशियाई पुरुषांत तेरात एक. एकच देश, एकच दवाखाने, तरी फरक उरतो. आणि आशियाईंचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा कमी असलं तरी मायदेशापेक्षा बरंच वर आहे. मी हे भावाला फोनवर वाचून दाखवलं. बाटली त्यानं आप्पांसाठी घेतली होती, पण लाल भागात राहायला गेलाय तो स्वतः. आता पन्नाशीला आलाय, वजन वाढलंय, गाडीशिवाय कुठे जात नाही. पीएसए करायची की नाही हे तिथल्या डॉक्टरांशी बसून ठरव असं सांगितलं, कारण अमेरिकेतली २०१८ ची शिफारसही ५५ ते ६९ वयात डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवा अशीच आहे. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला हा कॅन्सर झाला असेल तर धोका साधारण दुप्पट होतो, तेव्हा त्यांनी ही बोलणी आधीच करावीत.

आप्पांचं काय? रात्री तीन-चारदा उठावं लागतं, हे त्यांनी लेबलाच्या या चर्चेतच पहिल्यांदा सांगितलं. युरॉलॉजिस्टकडे (मूत्रविकारांच्या डॉक्टरकडे) नेलं. सोनोग्राफी, लघवीच्या धारेची तपासणी, पीएसए. ग्रंथी वयानुसार वाढलेली, कॅन्सरची शंका नाही. साधी टॅमसुलोसिनची गोळी सुरू झाली आणि आता झोप लागते. तिच्या महिन्याच्या खर्चापेक्षा या बाटलीची किंमत कितीतरी जास्त आहे. या पूरकांचा सगळ्यात मोठा तोटा माझ्या अनुभवात हाच, की माणूस 'औषध चालू आहे' या समजुतीत डॉक्टरकडे जायचं लांबवतो.

आपल्याकडच्या भारतीय बाटल्या साधारण हजार-दीड हजाराला मिळतात. घटक हेच, काहींना शाकाहारी आवरण आहे. त्यांच्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापलेलं असतं, ते बारीक अक्षरात असलं तरी वाचा. मी दुकानात ठेवत नाही. कुणी फोटो दाखवलाच तर त्रास काय आहे ते आधी विचारते.

ज्यांची गोळी आधीच चालू आहे त्यांनी घाबरायचं कारण नाही, पण बाटली घेऊन डॉक्टरांना दाखवा. बायोप्सी किंवा कुठलीही शस्त्रक्रिया ठरली असेल तर नक्कीच, कारण व्हिटॅमिन ईमुळे रक्त थांबायला वेळ लागू शकतो, विशेषतः रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर. आणि प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड चालू असेल तर पीएसए करताना लॅबला आणि डॉक्टरांना दोघांनाही सांगा. सहा महिने-वर्षभर घेतल्यावर या औषधांनी पीएसएचा आकडा जवळपास निम्मा होतो, आणि ज्याला हे माहीत नाही तो वाढलेला आकडाही ठीक समजून घरी पाठवेल.